भोपळ्याचं काळीज

रहिमान,

पत्र लिहायला बसले आहे आणि पहिल्याच ओळीत सांगते, तुझी खुशाली विचारणार नाही. ती मला अंकिता फोनवर सांगते. गुडघ्याला तेल लावतोस का, तेही विचारत नाही. लावत नसणारच. तुझ्या निरोप समारंभात लोकांनी जी भाषणं ठोकली ती मी मोबाइलवर बघितली. "निष्ठावान सेवक." "मनमिळाऊ स्वभाव." मनमिळाऊ? तू? एकवीस वर्षं एका प्रयोगशाळेत तुझ्यासोबत काढलीत मी. तुझ्याइतका दुसऱ्याच्या चांगल्यावर जळणारा माणूस मी पाहिलेला नाही. एक सोडून, आणि ती कोण ते शेवटी कळेल.

तुझी हकीकत सरळ लिहून काढायची ठरवली आहे. पण "तू असं केलंस, तू तसं केलंस" करत गेले तर तू कागदावरसुद्धा मध्ये तोंड घालशील, "आवं बाई, तसं न्हवतं ते." म्हणून इथून पुढं तू 'रहिमान' आणि मी 'बाई'. शेवटी पुन्हा तुझ्याशी बोलेन, कारण एक काम तुझ्यामाझ्यातलंच आहे. तोवर गप्प बस आणि वाच.

*

रहिमान मिरजेचा. घर सतारी करणाऱ्यांचं. दारात भोपळ्यांचे ढीग, ओसरीवर लाकडाचा भुसा, आणि आत बाप कान देऊन बसलेला. या धंद्यात सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे जवारी काढणं. तारा ज्या घोडीवर टेकतात ती घोडी कानसीनं घासत घासत अशा नेमक्या उताराला आणायची, की तार छेडली की आवाज नुसता निघत नाही, घुमतो. ते काम बापानं थोरल्याला शिकवलं, मुजीबला. धाकट्या रहिमानच्या वाट्याला आलं भोपळे खरवडणं आणि पॉलिश मारणं.

"याचा हात चांगला हाय," बाप गिऱ्हाइकांदेखत सांगायचा, "पर कान न्हाई."

हे वाक्य रहिमानच्या मनात काट्यासारखं रुतलं ते कायमचं. मुजीबची सतार पुण्याला गेली की याचं पोट दुखायचं. मुजीबला मोठ्या गवयानं शाबासकी दिली की हा दोन दिवस घरात जेवायचा नाही. पंचविसाव्या वर्षी पलूसजवळच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा परिचराची जागा निघाली, तेव्हा यानं भावाला न विचारता अर्ज टाकला. बीकर धुवायचे, स्पिरिटचे दिवे भरायचे, बेडूक आणून द्यायचे. काम हलकं होतं, पण तिथं मुजीब नव्हता.

बाई तेव्हा तिथं जीवशास्त्र शिकवत होत्या. साताऱ्याच्या माहेरच्या, बी.एस्सी. बी.एड., आणि जिभेला हाड नाही अशी ख्याती. आठवीला हृदयाचा धडा तक्त्यावरून शिकवून त्या वैतागल्या होत्या. शाळेत प्लॅस्टरचं एक हृदय होतं, पण ते कुणीतरी पाडून फोडलं होतं आणि नवीन मागवलेलं सांगलीहून काही येत नव्हतं.

"रक्त एकाच दिशेनं जातं, परत फिरत नाही," बाई सांगायच्या.

"का फिरत न्हाई?" मागून पोरं.

"झडपा असतात म्हणून."

"कशा आस्त्यात?"

आता तक्त्यावर झडपेची एक रेघ असते. रेघ काही उघडत-मिटत नाही.

एक दिवस तास संपल्यावर फडकं मारता मारता रहिमान म्हणाला, "बाई, ते आतनं कसं आस्तंय, मला एकदा दावा."

बाईंनी तासगावच्या खाटकाकडून बोकडाचं हृदय आणवलं आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर त्याच्यासमोर उभं चिरलं. चार कप्पे दाखवले, झडपा दाखवल्या, बोट घालून कुठून कुठं जातं ते दाखवलं. तासभर तो झडपांत बोट घालून बघत होता. सुट्टीत मिरजेला गेला, आणि बापाच्या ढिगातून एक लहानसा, जरा वाकडा, सतारीला न चालणारा भोपळा उचलून घेऊन आला.

दीड महिना तो त्यावर बसला होता. आत शिसवीच्या पातळ फळ्या बसवून चार कप्पे केले. तबल्याची पुडी करतात त्या कमावलेल्या कातड्याच्या झडपा लावल्या. खाली रिक्षाच्या भोंग्याचा रबरी फुगा जोडला. भोपळ्याची पुढची बाजू कापून तिचं झाकण केलं, आणि त्याला लहानशी पितळी बिजागरी हवी होती, अर्ध्या बोटाची, पानाच्या डब्याला असते तशी. लोखंडी चालणार नव्हती. तिचे खिळे जाड, भोपळा तडकतो. बाई दिवाळीला साताऱ्याला गेल्या तेव्हा मोती चौकामागच्या बोळातल्या तांब्यापितळेच्या दुकानातून ती घेऊन आल्या.

लाल पाणी ओतलं, फुगा दाबला. पाणी वरच्या कप्प्यातून खालच्यात गेलं. फुगा सोडला. परत आलं नाही.

बाईंनी तीनदा करून बघितलं. "रहिमान," त्या म्हणाल्या, "हे चालतंय रे."

"आवाज पण येतोय बाई. ऐका की." तो भोपळ्याला कान लावून उभा होता. कान नसलेला माणूस.

पुढची तीस-एक वर्षं आठवीच्या या धड्याच्या दिवसाला शाळेत 'काळजाचा दिवस' म्हणायचे. रहिमान त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचा. भोपळा त्याच्याशिवाय कुणी उचलायचा नाही, बाईसुद्धा नाही. रांग लागायची. प्रत्येकानं झडपेतून बोट घालायचं. आत जायचं, उलट काढताना कातडं अडवायचं. एका वर्षी अंकिता नावाच्या एका किडकिडीत पोरीचं बोट खरंच अडकलं. ती रडली नाही, उलट म्हणाली, "मामा, थांबा, मला बघू द्या कुठं अडकलंय ते." शिपाई आणि परिचर यांना शाळेत सगळेच मामा म्हणतात.

पोरं मोठी झाली, फौजेत गेली, कारखान्यावर लागली, द्राक्षबागा करू लागली. रस्त्यात भेटली की विचारायची, "मामा, आपलं काळीज हाय का आजून?" त्यावर रहिमानची छाती अशी फुगायची की मुजीबच्या सगळ्या सतारी त्यात मावतील. भाऊ भेटला की तो मुद्दाम सांगायचा, "तुझी सतार वर्षात एक गवई वाजवतो. माझं काळीज वर्षाला साठ पोरं वाजवतात."

बाई निवृत्त झाल्या, साताऱ्याला गेल्या. एकोणीस साली कृष्णेचा पूर प्रयोगशाळेत छातीभर चढला. कपाटं आडवी झाली, सूक्ष्मदर्शकांत गाळ भरला, हाडांचा सापळा कुठं गेला तो गेलाच. भोपळा मात्र पाण्यावर तरंगत राहिला आणि पाणी ओसरल्यावर आडव्या कपाटावर अलगद बसलेला सापडला. कृष्णाकाठची पोरं पाठीला भोपळा बांधूनच पोहायला शिकतात, त्यामुळं कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. रहिमानला वाटलं. त्यानं साताऱ्याला फोन केला. "बाई, समदं गेलं. आपलं काळीज तेवढं ऱ्हायलं."

पण त्या पुरानंच त्याचं वाटोळं केलं. सगळं वाहून गेलं म्हणून माजी विद्यार्थी पुढं आले. सुभेदार झालेल्या धैर्यशीलनं आपल्या जुन्या वर्गातली पोरं गोळा केली आणि शाळेला बारा टॅब दिले. ते हातात घेतले कुणी? तर त्याच किडकिडीत अंकितानं. ती आता विज्ञानाची शिक्षिका होऊन त्याच शाळेत आली होती.

अंकितानं छापील कार्डं आणली. पोस्टकार्डापेक्षा जरा मोठी, त्यावर काळ्यापांढऱ्या नक्षीसारखं चित्र. कार्ड बाकावर ठेवायचं आणि टॅबचा कॅमेरा त्याच्यावर धरायचा. पडद्यावर बाक दिसतो, कार्ड दिसतं, आणि त्या कार्डावर, जणू बाकावरच, मुठीएवढं हृदय उभं राहतं आणि धडधडायला लागतं. टॅब घेऊन भोवतीनं फिरलं तर मागची बाजू दिसते. बोटानं टिचकी मारली की पुढची भिंत बाजूला सरकते. निळं रक्त येतं, तांबडं होऊन जातं. याला ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी म्हणतात. पोरांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं 'एआर' केलं.

पहिल्या तासाला रहिमान दारात उभा होता. हृदय उभं राहिलं तशी आख्खी आठवी "आयशप्पथ!" म्हणून ओरडली. तीस वर्षांत भोपळ्याला कुणी आयशप्पथ म्हणालं नव्हतं. "भारी हाय," म्हणाले होते. आयशप्पथ नाही.

"मामा, या की, बघा," अंकितानं हाक मारली.

"दिवे भरायचेत," म्हणून तो निघून गेला. शाळेत स्पिरिटचे दिवे बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

अंकिता शिकवायचीही चांगलं, तेच तर दुखणं. पोरांना ती मैदानाला एक फेरी मारून पळत यायला सांगायची, नाडी मोजायला लावायची आणि मग टॅबमधलं हृदय तेवढ्याच ठोक्यांवर लावायची. "हे तुझं आत्ता चाललंय बघ." पोरगं एक हात छातीवर ठेवून बघतच राहायचं. कधी तोंड न उघडणारी मागच्या बाकावरची पोरं टॅब हातात आला की प्रश्न विचारायची. त्या वर्षी काळजाचा दिवस आला आणि गेला. "मामा, पुढच्या आठवड्यात तुमचंही दाखवू," अंकिता म्हणाली. मग चाचणी आली, मग स्नेहसंमेलन. भोपळा कपाटातच राहिला, पुढची दोन वर्षंही.

रहिमानला नवीन काम लागलं, टॅब चार्ज करायचं. आठ दिवसांत पोरांनी त्याचं नाव ठेवलं, चार्जिंगमामा.

फोनवर बाईंजवळ तो ओकायचा. "हवेतलं काळीज हाय बाई ते. हात घातला तर आरपार जातोय. बोटाला काय कळतंय?"

"मग तू कशाला एवढा चिडतोस?"

"चिडतोय कोन? मी आपलं सांगतोय."

अंगाचा नुसता तिळपापड. एका शनिवारी शाळा सुटल्यावर चार्जिंगला लावायच्या आधी त्यानं एक टॅब उघडला, कार्ड ठेवलं आणि दार लोटून एकटाच बघत बसला. बघता बघता अर्धा तास गेला. झडपा उघडत होत्या, मिटत होत्या, पातळ, ओल्या दिसणाऱ्या. त्याच्या कातड्याला असं कधी जमलं नव्हतं. मग त्याला एक गोष्ट दिसली. त्यानं टॅब जवळ नेला, मोजलं, पुन्हा मोजलं.

"बाई," त्यानं लगेच फोन लावला, "त्यातल्या उजव्या झडपेला तीन पाकळ्या हायत."

"असतात. त्रिदली झडप म्हणतात तिला."

"आपल्यात दोनच हायत."

"माहीत आहे मला."

"मग सांगितलं का न्हाई?" त्याचा आवाज चढला. "तीस वर्सं मी पोरास्नी चुकीचं काळीज दावत होतो व्हय?"

"कातडं कमी पडलं होतं, आठवतं का? आणि चालत होतं ना ते? नववीत पोरं पुस्तकात वाचत होती की तीन असतात म्हणून."

त्यानं फोन ठेवून दिला. बापानं म्हटलं होतं कान नाही. आता डोळाही नाही, असं टॅबनं सांगितलं. आणि टॅबवर कुणाला चिडता येतं? त्यामुळं तो सगळा राग अंकितावर गेला.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत शिक्षण खात्याचे साहेब हा नवा प्रयोग बघायला येणार असं ठरलं. तालुक्यातल्या दुसऱ्या शाळांनाही टॅब द्यायचे की नाही, हे त्यावर अवलंबून होतं. अंकितानं आदल्या शुक्रवारी कार्डांचा गठ्ठा रहिमानला दिला. "मामा, पोरांच्या हातानं मळलीयत सगळी. साहेब यायच्या आत जरा नीट करून ठेवता? तुमच्या हातात जादू आहे."

आता कार्ड पुसायला ओलं फडकं पुरतं. पण मिरजेच्या माणसाला 'नीट करून ठेव' म्हटलं की एकच गोष्ट कळते, पॉलिश. चपड्याची लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळायचा आणि हलक्या हातानं गोल गोल फिरवायचं, भोपळा आरशासारखा दिसेपर्यंत. रविवारी सकाळी त्यानं एका कार्डावर तो हात फिरवला. सुंदर चकाकलं. वाळल्यावर खिडकीशी नेऊन त्यावर टॅब धरला.

काही उठलं नाही.

तिरपा धरला. अर्धं हृदय दिसलं आणि विझलं. कार्डावर खिडकीचा उजेड चमकत होता आणि त्या चमकेत कॅमेऱ्याला नक्षी दिसत नव्हती. हे कळायला त्याला फार वेळ लागला नाही. पॉलिशच्या माणसाला चमक कशी फसवते ते कुणी शिकवावं लागत नाही.

इथवर झाली ती चूक. एवढ्यावर तो थांबला असता तर बाईंनी हे पत्रच लिहिलं नसतं. त्यानं बोळा पुन्हा लाखेत बुडवला आणि उरलेली अकरा कार्डं, एकेक करून, शांतपणे, पाठपोट पॉलिश केली. मग कपाटातून भोपळा काढला, पुसला आणि घरी जाऊन पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली.

सोमवारी अकरा वाजता वर्गात ऊन आलं होतं. साहेब समोर खुर्चीवर, हेडमास्तर शेजारी, भिंतीला टेकून दोन पालक. रहिमाननं कार्डांचं पुडकं वर्तमानपत्रात बांधून तासाच्या तोंडावर दिलं. अंकितानं ती वाटली. टॅब उघडले. पोरं वाकली.

"मॅडम, येत न्हाई."

"मॅडम, आमचं पण येत न्हाई."

"नेट नाही का?" साहेबांनी घड्याळ बघत विचारलं.

"नेट लागत नाही सर त्याला," अंकिता म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ती या बाकावरून त्या बाकाकडं धावत होती, टॅब बंद करून उघडत होती. दहा मिनिटं गेली. शेवटी हेडमास्तर खाकरले.

तेव्हा रहिमान पुढं झाला. खाकी गणवेश नव्हता, इस्त्रीचा शर्ट होता. दोन्ही हातांत भोपळा. "साहेब, आपल्याकडं हे पण हाय. खरंखुरं. हात लावून बघायचं."

टेबलावर ठेवलं, झाकण उघडलं, लाल पाणी ओतलं. साठ डोळे, शिवाय साहेबांचे दोन. तीन वर्षांनी परत हाच क्षण. त्यानं फुगा दाबला.

तीन वर्षं कपाटात पडून कातडं पापडासारखं कडक झालं होतं, हे त्यानं बघितलंच नव्हतं. भोपळा बाहेरून पुसला, आतून नाही. पाणी आत गेलं आणि तसंच फस्सकन उलट आलं. त्यानं घाईनं झाकण दाबलं, बिजागरीचे कान मोडून जुने खिळे भोपळ्यातून सुटले आणि झाकण टेबलावरून घरंगळत साहेबांच्या पायाशी गेलं. लाल पाणी फायलीवर, खुर्चीवर, पांढऱ्या शर्टावर.

"मामा," ऋषिराज नावाचं एक कार्टं ओरडलं, "तुमचं काळीज फुटलं की वो!"

सगळा वर्ग हसला. साहेबसुद्धा.

अंकिता हसली नाही. ती एक कार्ड नाकाशी धरून उभी होती. स्पिरिटचा आणि लाखेचा वास तिला ओळखीचा होता. आठवीत तिचं बोट याच वासात अडकलं होतं. तिनं कार्डाकडं बघितलं, मग इस्त्रीच्या शर्टाकडं.

"सर, कार्डांवर चकाकी आलीय," ती शांतपणे म्हणाली. "मळू नयेत म्हणून मामांनी पॉलिश केली. उजेडाचा त्रास होतोय. ऋषिराज, खिडक्या लाव रे सगळ्या."

खिडक्या लागल्या. वर्ग अंधारला, आणि एकेका बाकावर एकेक हृदय उठायला लागलं. एक, तीन, सात, बारा. बारा टॅबांच्या उजेडात पोरांची तोंडं लाल-निळी दिसत होती. "आयशप्पथ," साहेब म्हणाले. रहिमान भिंतीशी फुटकं काळीज छातीला धरून उभा होता आणि सगळ्या वर्गाची पाठ त्याच्याकडं होती.

मधल्या सुट्टीत तो नळावर शर्ट चोळत होता. अंकिता येऊन उभी राहिली.

"पॉलिश कधी केलीत?"

"रविवारी."

"एखादं कार्ड टॅबवर लावून बघितलं होतं का?"

त्यानं नळ बंद केला.

"बघितलं हुतं," तो म्हणाला.

"मग?"

"मग बाकीची पण केली."

अंकिताचे डोळे भरून आले, पण आवाज खणखणीत होता. "साहेबांसमोर तोंडावर पाडलंत मामा. मी तुमचंच काळीज बघून विज्ञानाला गेले, आणि तुम्ही मलाच..." तिनं ओढणीनं नाक पुसलं. जायला वळली, थांबली. "ते दुरुस्त करा. पुढच्या वर्षी तुमचं शेवटचं वर्ष ना? काळजाच्या दिवशी पहिला अर्धा तास तुमचा. मग माझा. आणि उजवीकडं तीन पाकळ्या करा."

तिलाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

एवढं ऐकून दुसरा माणूस पाया पडला असता. रहिमाननं बाईंना फोन करून काय सांगावं? "मोठेपना दावती. उपकार करती माझ्यावर." पण उन्हाळ्यात तो मिरजेला गेला. मुजीबपुढं आयुष्यात पहिल्यांदा हात पसरला. चांगलं पातळ कातडं हवं होतं, तीन पाकळ्यांपुरतं. मुजीब आता सत्तरीचा, डोळ्यांना मोतीबिंदू. त्यानं कातडं दिलं आणि विचारलं, "आवाज कसा येतोय त्याचा?" रहिमाननं भोपळा त्याच्या कानाशी धरून फुगा दाबला. मुजीब बराच वेळ ऐकत राहिला. "घुमतंय रं," म्हणाला. गावी परतेपर्यंत रहिमान ते वाक्य एस.टी.त मनातल्या मनात घोळवत होता.

सगळं झालं. तीन पाकळ्या झाल्या, फुगा नवा बसला. एकच गोष्ट राहिली. बिजागरीचे कान मोडले होते. पलूसला, तासगावला, मिरजेला बघितलं. सगळीकडं लोखंडी नाहीतर स्टीलच्या, जाड खिळ्यांच्या. जुलैत त्यानं साताऱ्याला फोन केला.

"बाई, तीच पायजे. मोती चौकाच्या मागची. अर्ध्या बोटाची. मी येऊ का?"

"गुडघ्याचं एवढं दुखणं घेऊन तू कशाला येतोस?" बाई म्हणाल्या. "मी आणते आणि पोस्टानं पाठवते. चार दिवसांत."

*

आता मी परत 'मी' होते. इथून तुला ठाऊक नाही ते सांगायचं आहे.

त्याच आठवड्यात अंकितानं माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तुझ्या भोपळ्याचा फोटो टाकला. "मामांचं काळीज पुन्हा तयार होतंय." दीडशे निरोप आले. धैर्यशीलनं कुठल्याशा बर्फातून लिहिलं, मामा, तुमच्यामुळं विज्ञान कळलं. कुणी लिहिलं, शाळेतलं दुसरं काही आठवत नाही, काळीज आठवतं. मी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, दोनदा. बोकडाचं हृदय कुणी चिरलं, कप्पे कुणी समजावले, एकवीस वर्षं तो धडा कुणी शिकवला? एकाही मेल्याला माझं नाव आठवलं नाही. तुझ्या भोपळ्यानं मला वर्गातून पुसून टाकलं होतं, रहिमान, टॅबनं तुला टाकलं तसंच. आणि तेही त्या वेळीच. रांग तुझ्यापुढं लागायची, तेव्हा मी फळ्यापाशी हातात खडू घेऊन उभी असायची, आणि माझ्या मनात येई, हे कातडं एकदा फाटावं.

ऑगस्टमध्ये तू फोन केलास. मी म्हणाले, दुकान बंद होतं. सप्टेंबरात केलास. मी म्हणाले, माल संपला आहे, येणार आहे. मग तू केला नाहीस. बाईंनी सांगितलंय म्हणजे होणार, असं तू अंकिताला म्हणालास, हे तिनंच मला सांगितलं.

नोव्हेंबरात काळजाचा दिवस आला. अंकितानं पहिला अर्धा तास मोकळा ठेवला होता. "मामा, आणा," म्हणाली. तू नेहमीच्या खाकीत होतास. "झाकण बसत न्हाई मॅडम," म्हणालास. ती म्हणाली सुतळीनं बांधा, मी हातानं धरते. तू म्हणालास, आमच्या घरातनं आर्धवट वस्तू कवा भाईर गेली न्हाई. ती पाच मिनिटं दाराकडं बघत थांबली. मग तिनं टॅब काढले आणि नवी, न चकाकणारी कार्डं वाटली ती तूच, बाकाबाकांवर जाऊन. पुढच्या जूनमध्ये तू निवृत्त झालास. भोपळा कपाटात आहे. आतून पहिल्यांदाच बरोबर आहे आणि एकाही पोरानं त्यात बोट घातलेलं नाही.

माझ्या घरापासून मोती चौक पंधरा मिनिटांवर. मी भाजीला रोज जाते. त्या बोळाच्या तोंडाशी कोथिंबीरवाली बसते, तिच्याकडं कोथिंबीर घेते, आणि तिथून दुकानाच्या दाराला टांगलेल्या पितळी घंट्या दिसतात. दुकान सोमवारी बंद असतं. बाकीचे सहा दिवस उघडं असतं.

मी गेले नाही.